रोज तीस ग्रॅम

२ मार्च

आजपासून रजा. टेबल आवरलं, पितळी वजनांची पेटी धाकट्या निरीक्षकाच्या ताब्यात दिली आणि त्याची सही घेतली. तो म्हणाला, ताई, विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे, पण सहीही हवी. अकरा वर्षं मी वजनमापे खात्यात आहे. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर उचलून आणायचे. ज्या दुकानदाराचा काटा तपासणीच्या दिवशी जास्तच चकाकतो, त्याच्याकडे मी आठवड्याने पुन्हा जाते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नववा महिना लागेल, मनात येईल ते वहीत लिहीत जा. मनात फारसं काही येत नाही. पण वही आणलीच आहे, तर वाया कशाला घालवायची.

नवरा घ्यायला आला होता. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, घरापासून दोन गल्ल्या सोडून. मला सायकलवर बसवायचं आता त्याचं धाडस होत नाही, म्हणून तो सायकल हातात धरून आणि मी बदकासारखी, असे चालत आलो. पाहणाऱ्याला वाटलं असेल की या बाईने सायकल पंक्चर केली.

९ मार्च

बाळासाठी घेऊन ठेवलेला काटा आज घरी आणला. जुना आहे पण अस्सल. दांडीचा, सरकत्या वजनाचा, दहा-दहा ग्रॅमच्या खुणांचा. लोक पाळणा आणतात, मी काटा आणला, यावरून आई फोनवर अर्धा तास बोलली. बोलू दे. रजेवर जाण्याआधीच मी तो कार्यालयातल्या वजनांवर पडताळून घेतला होता. खरा आहे.

दांडीच्या टोकाला शून्य जुळवायचा स्क्रू असतो. तो कसा फिरवायचा ते नवऱ्याला दाखवलं. स्क्रू म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. एक फेरा म्हणजे किती ग्रॅम, अर्धा फेरा म्हणजे किती, सगळं विचारून घेतलं. इतक्या उत्साहाने त्याने माझी सोनोग्राफीसुद्धा पाहिली नव्हती.

शेजारणी विचारतात, आनंद झाला ना? मी हो म्हणते. प्रश्नच असा असतो की त्याला दुसरं उत्तर ठेवलेलं नाही.

२६ मार्च

मुलगी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. दोन किलो आठशे चाळीस.

आई नेहमी सांगायची, बाळ हातात आलं की बाई सगळं विसरते. मी काही विसरले नाही. टाके किती पडले तेही मला पाठ आहे. तिला छातीवर ठेवलं तेव्हा मी वाट पाहिली की आता काहीतरी होईल. नवरा ढसाढसा रडत होता, सुईणबाईंचे डोळे ओले होते. मी तिची बोटं मोजली. वीस भरली. नंतर काय करायचं ते सुचलं नाही.

उशिरा येत असेल ते. सगळ्यांचंच काही वेळेवर येत नाही.

३० मार्च

घरी आलो. आई आली आहे, तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. काटा बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडला. वजन दोन किलो सहाशे नव्वद. चार दिवसांत दीडशे ग्रॅम घट.

घरी येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, पहिल्या दिवसांत सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं, मग चढतं. सायकलवरून फिरतात त्या, साठीच्या आहेत, बोलणं सावकाश. त्यांनी समजावलं ते मला समजलं. पण दीडशे ग्रॅम! इतक्या घटीवर मी दुकानं बंद केली आहेत.

बाळाला आम्ही चिपटं म्हणतो. धान्याच्या मापांत मापट्याहून लहान ते चिपटं. नवऱ्याला हे माप माहीत नव्हतं, त्याला वाटलं मी लाडाने काहीही म्हणते.

५ एप्रिल

सकाळी आठचं वजन, क्रमाने: ६९०, ६९०, ७३०, ७२०, ७६०, ७६०. आज ७४०. दोन किलोच्या वरचे ग्रॅम आहेत हे.

वीस ग्रॅम उतरलं. आई ताट पुढे करून म्हणाली, नीट जेव गं, आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? ती दुधाबद्दल बोलत होती आणि प्रेमाने बोलत होती. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि खाली बसले. बराच वेळ नळ चालू होता. नवरा दार ढकलून आत आला, त्याने नळ बंद केला, माझ्याशेजारी ओल्या फरशीवर बसला. कशी आहेस, असं विचारलं. मी म्हटलं, छान आहे, पाय घसरला.

रडण्याचं कारण झोप कमी हेच असणार. आणि ते वीस ग्रॅम.

८ एप्रिल

चढलं! परवा तीस, काल तीस, आज तीस. दोन किलो आठशे तीस.

नवराही सुधारला आहे. हा माणूस आयुष्यात आठच्या आधी उठला नव्हता. आता सहाला उठून चिपट्याला घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो आणि दार लोटून घेतो. म्हणतो, आम्हा दोघांचं बोलणं चालतं. आठला मी काट्याचं शून्य तपासते, मग आत जाऊन बाळाचे कपडे उतरवून आणते. तोवर हा काट्यापाशी उभा राहून पंचाची घडी सारखी करतो. शिकवलं तसं वागणारा नवरा मिळायला नशीब लागतं.

१२ एप्रिल

सातव्या दिवशीही तीस. दोन किलो नऊशे पन्नास. एकही दिवस चुकलेला नाही. बापाच्या वळणावर गेली असती तर एक दिवस शंभर आणि दोन दिवस सुट्टी असं झालं असतं. ही माझ्यावर गेली आहे.

आज नर्सबाई आल्या. त्यांच्या काट्यावर दोन किलो नऊशे तीस भरलं. मी सौजन्याने सांगितलं की तुमचा काटा वीस ग्रॅम कमी दाखवतो, पडताळून घ्या. त्या म्हणाल्या, असेल हो. समंजस बाई आहेत.

मग त्यांनी मला एक कागद दिला. दहा प्रश्न: गेल्या आठवड्यात तुम्हाला हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, रडू आलं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असलं. प्रत्येकाला चार-चार उत्तरं आणि खूण करायला चौकोन. तपासणी आली की काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. दहाही ठिकाणी सगळ्यात चांगल्या उत्तरावर खूण केली आणि दोन मिनिटांत कागद परत दिला.

नर्सबाईंनी चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, दहाच्या दहा? सव्वीस वर्षांत इतका स्वच्छ कागद पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. जाताना मात्र एक कोरा कागद टेबलावर ठेवून गेल्या. विसरल्या असतील.

दारात नवरा त्यांच्याशी बराच वेळ बोलत होता, दुकानातली वही उघडून. त्यांच्या सायकलीचं काहीतरी काम निघालं असेल.

१४ एप्रिल

तीन किलो पार. तीन किलो दहा. आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. प्रत्येकाने मला फोनवर विचारलं, मी प्रत्येकाला छान म्हटलं. शेवटी शेवटी प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणत होते.

खरं लिहायचं तर वजन वाढतंय आणि मला आनंद होत नाहीये. आकडा लिहिला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. मग उद्याच्या आठची धास्ती सुरू होते. दुपारी ती रडते तेव्हा मी उठते, पाजते, पुसते, बदलते, सगळं नियमाप्रमाणे. दुसऱ्या कुणाचं बाळ सांभाळायला दिलं असतं तरी इतकंच नीट केलं असतं. आई तिच्याशी बोबडं बोलते, नवरा तिला सायकलीचे भाग नावानिशी समजावतो, आणि मी दारात उभी राहून बघते.

जमेल हळूहळू. टेबलावर कोरा कागद तसाच आहे. मी त्यावर दुधाची बाटली ठेवते.

१६ एप्रिल

धाकट्या निरीक्षकाचा फोन. बिचारा अडला होता. एका गोदामाची वजनाची वही तपासत होता, महिनाभर रोजची आवक ग्रॅमपर्यंत सारखीच. शून्य जुळतं, काटा खरा, शिक्का खरा, तरी मन मानत नाही, काय करू?

मी म्हटलं, अरे, इतकं सरळ असेल तर ते खोटं आहे. खरं वजन इतक्या शहाण्यासारखं कधीच वागत नाही. काट्याकडे बघू नकोस, काट्याजवळ उभं कोण असतं ते बघ.

फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मला मी सापडल्यासारखं वाटलं. जेवताना नवऱ्यालाही सगळं रंगवून सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. माझ्या कामात याला इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

आजचं वजन तीन किलो सत्तर. अर्थात तीस.

१८ एप्रिल

दिव्याखाली अंधार, दुसरं काय म्हणू.

सकाळी वहीत ३१३० लिहिलं आणि सवयीने वरचे आकडे खाली वाचत आले. तेरा दिवस. तेरा वेळा तीस. पेन हातात तसंच धरून मी बसून राहिले. तान्हं मूल एका दिवशी जास्त पितं, एका दिवशी कमी. कधी वजनाआधी लंगोट भरतं, कधी नंतर. तेरा दिवस बरोबर तीस ग्रॅम कसं वाढेल? धाकट्याला दोन दिवसांपूर्वी फोनवर धडा दिला आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच काट्यावर.

काट्याजवळ उभं कोण असतं? पंचाची घडी घालणारा!

रिकामी दांडी पाहिली. शून्यावर नव्हती. स्क्रू फिरवून शून्य जुळवलं, चिपट्याला पुन्हा ठेवलं. तीन किलो एकशे पन्नास. म्हणजे खरं वजन जास्त! आयुष्यात प्रथमच असा चोर पाहिला जो वीस ग्रॅम कमी दाखवतो.

नवऱ्याला हाक मारली. तो माझ्या चेहऱ्याकडे आणि मग काट्याकडे बघून खुर्चीवर बसला आणि त्याने दुकानातली वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत रोजचं सहाचं खरं वजन होतं. वर-खाली, खाली-वर, कधी सत्तर, कधी उणे दहा. म्हणाला, उतरायचं त्या दिवशी तू जेवत नव्हतीस. खूप चढलं तर उद्या उतरेल म्हणून जेवत नव्हतीस. म्हणून चांगल्या दिवसाचं थोडं मागे ठेवायचो आणि वाईट दिवसात घालायचो. नर्सबाईंना खरे आकडे दाखवत होतो, त्या म्हणाल्या बाळ उत्तम आहे. स्क्रूचं त्यांना सांगितलं नाही, ओरडल्या असत्या.

मी ओरडले. खूप ओरडले. निरीक्षकाच्या घरात काटा बिघडवतोस, मला फसवतोस, तेही तेरा दिवस! आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"तूच परवा म्हणालीस ना, इतकं सरळ असेल तर खोटं. मी तुला रोज विचारतो कशी आहेस. तू रोज म्हणतेस, छान."

चिपटं अजून काट्यावरच होतं, त्याला मी उचललं.

"हिला उचलताना मला काही वाटत नाही," मी म्हटलं. "काम केल्यासारखं वाटतं. आणि हे तिला कळत असेल असं वाटतं. मी रोज वाट बघते आणि काही होत नाही."

बोलले आणि वाटलं, आता काहीतरी कोसळेल. नवरा उठून आला आणि आम्हा दोघींना धरून उभा राहिला. आईने गॅस बंद केला, आली आणि खुर्चीवर टेकली.

"तू झालीस तेव्हा दोन महिने मी तुला शेजारणीकडेच जास्त ठेवायची," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाही. तुला तर नाहीच नाही."

म्हणजे माझ्या आईने, जिला गॅस संपल्याची बातमीसुद्धा गल्लीत सांगितल्याशिवाय राहवत नाही, तिने चौतीस वर्षांत एकच गोष्ट लपवली आणि ती नेमकी माझ्या उपयोगाची निघाली. असं मी तिला म्हटलंही. ती हसली, मग रडली, मग मला भात वाढला. मी दोनदा घेतला.

१९ एप्रिल

कोरा कागद बाटलीखालून काढला, त्यावर गोल डाग पडला होता. पुन्हा भरला. अर्धा तास लागला. तीन प्रश्नांवर खूण करून खोडली आणि पुन्हा केली. कागद इतका घाण झाला की कुठल्याही दुकानात मी तो स्वीकारला नसता.

नर्सबाईंना नवऱ्याने बोलावून घेतलं. त्यांनी सावकाश वाचला आणि म्हणाल्या, आता हा कागद माणसाने भरलेला दिसतो. शेवटच्या प्रश्नाबद्दल त्यांनी सरळ तोंडी विचारलं, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का. मी म्हटलं, नाही. पण कधीकधी वाटतं की दोन तास कुणाला सापडू नये. त्या म्हणाल्या, ते मला आजही वाटतं. मग गंभीर होऊन सांगितलं की हे आजारपण आहे, कमीपणा नाही, कितीतरी बायकांना होतं आणि उपचाराने बरं होतं. वेळेवर सांगितलंत ते चांगलं केलंत.

मी विचारलं की माझ्यावर नापासाचा शिक्का तर बसणार नाही ना. त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाल्या, बाई, काटा बिघडला तर तुम्ही तो फोडता की दुरुस्तीला पाठवता? मी म्हटलं, दुरुस्तीला, आणि पुन्हा तपासते. त्या म्हणाल्या, झालं तर मग.

घरातला काटा त्या स्वतःच्या सायकलीला बांधून घेऊन गेल्या. वजन आता आठवड्यातून एकदा, त्यांच्याकडे. त्यांचा काटा खरा होता हे मी कबूल केलं. नवऱ्याला स्क्रूबद्दल भरपूर ओरडा बसला. मी बाजूला उभी राहून तो मनापासून ऐकला.

२४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. गोळ्या सुरू. दर आठवड्याला तिथल्याच एका बाईंशी तासभर बोलायचं. पहाटेचं पाजणं आई बाटलीने करते, म्हणजे मला सलग पाच तास झोप. काल सहा तास झोपले आणि उठले तेव्हा कोण मी, कुठली मी, असं झालं.

तरी काल दुपारी पुन्हा रडू आलं. नवऱ्याने विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, वाईट. तो म्हणाला, बरं. आणि शेजारी बसून चेन साफ करत राहिला. उत्तर खरं दिलं की पुढे काही समजावावं लागत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं.

६ मे

आज पहिल्यांदा बुधवारच्या बैठकीला गेले. नर्सबाई आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत नव्या आयांना जमवतात. सहा जणी होतो. बाळं मधे सतरंजीवर ओळीने ठेवलेली आणि आम्ही भोवती खुर्च्यांवर. नर्सबाई वही घेऊन बसल्या आणि एकेकीला विचारायला लागल्या, कशी आहेस?

पहिली बस चालवणारी. ती म्हणाली, छान. दुसरी शिवणकाम करणारी, ती म्हणाली, एकदम छान. तिसरी शाळेत शिकवते, तिने तर बाळ किती गुणी आहे तेही सांगितलं. चौथीने उचलून घेतलेलं पोर तेव्हा तिच्या खांद्यावर ओकत होतं, तरी तीही छानच. नर्सबाई लिहीत होत्या आणि मी त्यांच्या वहीकडे बघत होते. छान, छान, छान, छान. ग्रॅमपर्यंत सारखं.

पाचवी मी. घरात सांगणं निराळं, इथे पाच परक्या बायका. पण अकरा वर्षांची खोड जाते कुठे. असली वही समोर असताना मला गप्प बसवलंच नाही.

"छान नाही," मी म्हटलं. "पहिले तीन आठवडे मला हिच्याबद्दल काही वाटतच नव्हतं. नळ सोडून रडायचे. आता गोळ्या घेते. आता आठवड्यात तीन दिवस बरे जातात."

सहावी, जिला अजून विचारायचं होतं, ती जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, आता ही बस चालवणारी उठून निघून जाणार. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"बाई," ती नर्सबाईंना म्हणाली, "माझं उत्तर बदललं तर चालेल?"

शिवणकामवाली म्हणाली, माझंही बदला. शाळेतली म्हणाली, बाळ गुणी आहे ते राहू द्या, बाकीचं खोडा. चौथी रडायलाच लागली आणि रडता रडता खांदा पुसायला फडकं मागू लागली, तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली. नर्सबाईंनी पान फाडलं नाही. नवं पान काढलं आणि पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. तास संपला तरी तिसरीपर्यंतच पोचलो होतो.

त्या गोंधळात सतरंजीवरचं एक बाळ रडायला लागलं. सहाही जणी अर्धवट उठलो. माझं तिकडे तोंडही नव्हतं, तरी मला कळलं की हा आवाज चिपट्याचा आहे. बस चालवणारी सर्वांत जवळ होती, तिने वाकून हात पुढे केले. आणि मला वाटलं, नको, हिला दुसऱ्या कुणी उचलू नये. मलाच उचलायचं आहे.

मी खुर्ची पाडून धावले आणि तिच्या आधी पोचले.